मामाकुळातली सोनेरी पट्टी

१७ जानेवारी

पुण्याच्या कंपनीत आमचे साहेब म्हणायचे, वेबपान बनवताना काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, नाहीतर माणूस त्याच खड्ड्यात पुन्हा पडतो. तेव्हा मी हसायचो. आता नोकरी सोडून मंठ्याला घरी आलोय, स्वतःचं काम सुरू करतोय, म्हणून आजपासून लिहितो. इथे फक्त कामाचं लिहायचं. घरगुती भानगडींना जागा नाही.

पहिलं काम घरचंच. शीतल माझी धाकटी बहीण, तिचं लग्न १२ फेब्रुवारीला, पाहुणे भोकरदनचे. मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, म्हणालो, कागदाची पत्रिका छापूच नका. मी पत्रिकेचं वेबपान बनवतो, लिंक पाठवली की ज्याच्या त्याच्या फोनवर पत्रिका हजर. अण्णांनी आधी तोंड वाकडं केलं. मग गावोगाव फिरून पत्रिका वाटायची कटकट वाचते हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते एका मिनिटात आधुनिक झाले.

"चालतंय," म्हणाले. "पण नावं बराबर पाह्यजेत. एक नाव इकडचं तिकडं झालं तर लोक जेवायला न्हाई, भांडायला येतील."

आई तेवढी म्हणाली, "तात्याला तरी हातानं द्यायला पाह्यजे." तात्या म्हणजे माझा मामा, तातेराव. आईच्या पाठचा एकुलता एक भाऊ. जांब समर्थच्या अलीकडे राहतो, परतूरवरून गाडीवर जायचं. मी म्हणालो, चल मग, मी नेतो. तर म्हणाली, "मला कुठं सवड हे? पाठव त्यालाबी मोबाइलवरच." सकाळपासून ती निवडलेले तीळ पुन्हा निवडत बसली होती. सवड नाही म्हणजे नाही, मी आग्रह केला नाही.

२० जानेवारी

पान तयार. स्वतःची पाठ थोपटायला हात पुरत नाही, नाहीतर थोपटली असती.

वेबपान लिहायचे नियम जगभर एकच आहेत. नियमाने लिहिलं की कुठल्याही ब्राउझरमध्ये ते सारखंच दिसायला पाहिजे, निदान पुस्तकात तरी तसं आहे. माझं पान नियमांच्या तपासणीत टाकलं. शून्य चुका. लॅपटॉपवर जेवढे ब्राउझर आहेत तेवढ्यांत उघडलं, माझ्या फोनवर उघडलं, शीतलच्या फोनवर उघडलं. कुठे केसभर फरक नाही.

आईची एकच फर्माईश होती. आमच्याकडच्या पत्रिकेत मामाकुळ म्हणून भाग असतो, आईच्या माहेरचा मान तिथे. आई म्हणाली, "तात्याचं नाव जरा उठून दिसू दे." मी म्हणालो, जरा कशाला, लखलखू देतो. सगळ्या पानात फक्त मामाच्या नावाला सोन्याचा मुलामा दिला. अक्षरांवरून उजेड सरकतो, सराफाच्या काचेतल्यासारखा. बाकी नवरा-नवरीसुद्धा साध्या काळ्या शाईत.

"नवरी म्या हाय का मामा?" शीतलनं विचारलं.

आईनं माझा फोन डोळ्यांजवळ धरला आणि मामाच्या नावावरून अंगठा फिरवला. पान वर सरकलं, नाव गेलं. "कुठं गेला गं बाई?" म्हणाली आणि एवढी घाबरली की मी पान खाली आणून दाखवलं तेव्हा कुठे फोन सोडला. वयानुसार फोन हाताळायची सवय राहत नाही.

२१ जानेवारी

सकाळी लिंक सगळ्यांना पाठवली. कौतुकाचा पाऊस. मधे दोन किरकोळ तक्रारी आल्या, त्या इथे नोंदवतो.

मोठे चुलते फोनवर म्हणाले, "सगळं झ्याक हाय, पण ही कांशीतल कोण?" पाहिलं तर त्यांच्या फोनची काच अरुंद. 'चि. सौ.' एका ओळीत राहिलं आणि 'कां. शीतल' खालच्या ओळीत उतरलं. मोडायचीच नाही अशी जागा मधे घातली. आता ओळ तुटत नाही. घरात मात्र शीतलचं नाव कांशीतल पडलं ते पडलंच.

दुसरी तक्रार अण्णांची. मथळा भारदस्त दिसावा म्हणून मी अक्षरांत अंतर सोडलं होतं. इंग्रजीत ते छान दिसतं. मराठीत डोक्यावरची रेघ जागोजागी तुटली. अण्णा म्हणाले, "दात पडल्यावाणी दिसून राह्यलंय, लग्न म्हाताऱ्याचं हे का?" अंतर काढून टाकलं. इंग्रजीवरून उचललेली फॅशन, दुसरं काय.

एकंदरीत यशस्वी दिवस.

२३ जानेवारी

सगळं मुसळ केरात.

दुपारी आसरामामीचा फोन आला. नेहमीचं 'कसा हाय बाळा' नाही, काही नाही.

"आदिनाथ, मामाचं नाव काढायचं होतं तर साधं काढायचं. पट्टी काहून मारली?"

"कसली पट्टी मामी?"

"सोनेरी पट्टी. वर मामाकुळ लिव्हलंय, खाली श्री. लिव्हलंय, आन् पुढं पट्टी."

मी म्हणालो फोटो पाठवा. मामीनं शेजारच्या पोरीकडून पाठवून घेतला. खरंच. 'श्री.' आणि त्यापुढे विटेसारखा सोनेरी ठोकळा. नावाचा पत्ता नाही.

पट्टी म्हणजे काय हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. पत्रिका छापून झाल्यावर सोयऱ्यांत वितुष्ट आलं तर त्या माणसाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवून पत्रिका वाटतात. दुसऱ्यांदा छापत नाहीत. नाव काढलं हे दिसलं पाहिजे आणि काढायची पाळी आली हेही दिसलं पाहिजे. मग लोक ती पट्टी उजेडाला धरून आतलं नाव वाचतात आणि आठ दिवस चघळतात. मामी म्हणाली, मामानंसुद्धा फोन उजेडाला धरून पाहिला. नंतर दिवसभर जेवला नाही.

आणि आता मामा म्हणतो, "जिथं नाव न्हाई तिथं माणूस जाणार न्हाई." लग्नाला येणारच नाही म्हणतो.

आमच्याकडे नवरीचा हात धरून तिला मांडवात आणायचं ते मामानं. हा मान दुसऱ्या कोणाला देता येत नाही. शीतलनं ऐकलं आणि तिथेच बसकण मारली. "मामा न्हाई आला तर म्या मांडवात पाय ठेवायची न्हाई. मंग तू नेस शालू." अण्णांनी मला चार शब्द सुनावले, त्यातले दोन इथे लिहिण्यासारखे नाहीत. आई आत गेली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

माझं म्हणणं एवढंच आहे की माझ्या पानात चूक नाही. तपासणीत शून्य चुका आहेत. चूक मामाच्या फोनमध्ये आहे. पण हे आत्ता घरात कोणी ऐकून घेत नाही.

२४ जानेवारी

भुजंगच्या दुकानात बसलो. भुजंग माझा शाळेतला मित्र, बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करतो. त्याच्या खणात जगातले सगळे म्हातारे फोन आहेत. मामाच्या फोनचा जुळा भाऊ सापडला. त्यात पान उघडलं आणि पट्टी समोर. जीवात जीव आला. आजार दिसला की औषध सापडतं.

कारण असं. अक्षराला सोन्याचा मुलामा द्यायला तीन गोष्टी कराव्या लागतात. आधी अक्षर बिनरंगाचं करायचं. मग त्याच्यामागे सोनं पसरायचं. मग ते सोनं अक्षराच्या आकारात कापायचं. मामाच्या फोनमधला ब्राउझर जुना. पहिली गोष्ट त्याला येते, दुसरी येते, तिसरी मी लिहिली तशी त्याला कळतच नाही. त्यामुळे नाव पुसलं गेलं आणि सोनं तेवढं पसरून राहिलं. ज्यांना मान नाही दिला त्यांची नावं ठणठणीत दिसतात. मान दिला तोच माणूस गायब.

उपाय साधा आहे. आधी नाव साध्या काळ्या अक्षरात लिहायचं. मग ब्राउझरला विचारायचं, बाबा रे, तुला सोनं कापता येतं का? येतं म्हणाला तरच सोनं चढवायचं. नाही म्हणाला तर राहू दे काळंच. दागिना नसला तरी चालेल, माणूस दिसला पाहिजे. हे मला पुण्यात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. घाई नडली.

भुजंगच्या फोनवर नाव दिसलं, काळं कुळकुळीत. मामाला फोन केला. उचलला नाही. मामीनं उचलला, म्हणाली, "मामा म्हणून राह्यलेत, फोनवर न्हाई, इथं येऊन दाखव."

भुजंग म्हणाला, "आदिनाथ, बिघाड मोबाइलमधी न्हाई."

"बरोबर," मी म्हणालो, "बिघाड ब्राउझरमध्ये आहे. मोबाइल वेगळा, ब्राउझर वेगळा." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा स्क्रू पिळायला लागला. चांगला कारागीर आहे, पण सॉफ्टवेअरचं त्याला एवढं कळत नाही.

२६ जानेवारी

मामाकडे जाऊन आलो. मामा शेतात होता, ज्वारीच्या कडेला आगटी पेटवून हुरडा भाजत होता. मला पाहिलं तरी कणीस फिरवत राहिला.

मी फोन मागून घेतला, पान नव्यानं उघडलं, समोर धरलं. 'श्री. तातेराव.' स्पष्ट.

मामानं बराच वेळ पाहिलं. "दिसतंय," म्हणाला. मग म्हणाला, "पण बारीक दिसून राह्यलंय."

बारीक नव्हतं. इतरांएवढंच होतं. पण टेस्टिंगमध्ये वापरणाऱ्याशी वाद घालायचा नसतो, त्याचं म्हणणं टिपून घ्यायचं असतं. टिपून घेतलं. तेवढ्यात मामानं तळहातावर हुरडा चोळून माझ्यापुढे केला. "अक्का कशी हे?"

"बरी आहे. मामा, अक्षर किती मोठं पाहिजे?"

"गुडघे दुखतेत का तिचे अजून?"

मी म्हणालो दुखतात. अक्षराच्या मापाचं शेवटपर्यंत सांगितलंच नाही. जेवल्याशिवाय सोडलं नाही आणि निघताना डिकीत हरभऱ्याचे ढाळे कोंबले. लग्नाला येणार का विचारलं तर म्हणाला, "आधी नाव तर बराबर होऊ दे."

घरी आलो तर आई दारातच. मामा काय म्हणाला, वाळला का, मामीनं काय केलं होतं जेवायला, गोठ्यापुढची बोर अजून आहे का. मी म्हणालो, आई, मला अक्षराचं माप ठरवायचंय, डोकं खाऊ नको. तिनं ढाळे पदरात घेतले आणि एक-एक घाटा सोलत संध्याकाळपर्यंत बसली. आम्हाला एकही मिळाला नाही.

२९ जानेवारी

अक्षर मोठं केलं. पुन्हा मामाकडे. या वेळी आईनं मागे लागून धपाट्यांचा डबा दिला. "कोणी केलेत म्हणून सांगू नको," म्हणाली. मामानं एक धपाटं तोडलं, तोंडात टाकलं आणि म्हणाला, "तीळ जास्त झालेत. अक्काला हात आवरत न्हाई." आता याला कसं कळलं देव जाणे.

नाव मोठं दिसलं. मामा खूश होईल म्हणून पाहतोय तर त्यानं फोन आडवा धरला. "आता पाह्य. आडवं धरलं की नाव एका कोपऱ्यात जाऊन बसतंय."

मानलं पाहिजे. फोन आडवा करून पाहायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुण्याच्या कंपनीत यासाठी पगारी माणसं ठेवतात. मामा जन्मजात टेस्टर आहे.

मी दुरुस्ती टिपत होतो तेवढ्यात मामी चहा घेऊन आली आणि भलतंच सांगायला लागली. आजी गेली त्याला आता दुसरं वर्ष. मामी म्हणाली, "सासूबाई गेल्या तवापासून वन्स आल्याच न्हाईत बघ. तेराव्याच्या दिवशी आयाबायांत बसून म्हणल्या, आई गेली, आता माहेर सरलं. हे भितीच्या पल्याड उभे व्हते. त्याहीनं ऐकलं."

"कशाला जुनं उकरून राह्यली?" मामा म्हणाला आणि उठून बैलाकडे गेला. बैलाला काही झालं नव्हतं.

मला वाईट वाटलं. आजी मलाही प्रिय होती. पण विषय फार भरकटला होता. मी मामीला फोन चार्जिंगला लावायला सांगितलं, कारण चार्ज कमी असला की हा फोन उजेड कमी करतो आणि मग रंगाची परीक्षा नीट होत नाही.

संध्याकाळी आईला हे सांगितलं. म्हटलं, मामी म्हणते तू तेराव्याला असं म्हणालीस. आई चुलीपुढं होती. "तात्यानं ऐकलं?" म्हणाली. मी म्हणालो, हो, भिंतीपलीकडे उभा होता. पोळी करपली तरी तिनं उलटली नाही. अण्णांना करपलेलीच खावी लागली.

२ फेब्रुवारी

आडव्याचं काम झालं. मामाची नवी तक्रार: उन्हात दिसत नाही.

सावलीत दिसतं, घरात दिसतं, पण भर उन्हात कपाशीत उभं राहून पाहिलं तर नाव नीट दिसत नाही. मी म्हणालो, मामा, उन्हात कोणाचाच फोन दिसत नाही. मामा म्हणाला, "तुपल्या कंपनीत चालत असंल. आम्ही दिवसभर उन्हातच असतो."

खरंय त्याचं. काळा आणखी काळा केला, मागचा रंग आणखी पांढरा केला. दोघं कपाशीच्या सरीत उभे राहून एकाच फोनवर डोकी घालून बघत होतो. मामानं माझ्या डोक्यावर आपला टॉवेल धरला, मला ऊन लागू नये म्हणून. मग सावली पडल्यामुळे परीक्षा पुन्हा घ्यावी लागली.

माझं तर टपालखातं झालंय. इकडून आईचे शेंगदाण्याचे लाडू, गुडघ्याच्या तेलाची बाटली मामीला, जुना फोटो. तिकडून बोरं, हुरडा, मोसंबी, आणि मामानं स्वतः वळलेली दोरी. दोरी कशाला? तर म्हणे, "अक्काला सांग, धुणं वाळत घालायला." दुकानात मिळत नाही का दोरी? आईनं तीच दोरी अंगणात बांधून घेतली आणि जुनी चांगली नायलॉनची दोरी सोडून टाकली. दोघंही बहीण-भाऊ मुलखाचे विक्षिप्त.

शीतल रोज विचारते, मामा हो म्हणाला का. मी सांगतो, काम चालू आहे. काल तिनं मेंदीवालीला नको म्हणून सांगितलं. चेष्टेतली कांशीतल आता घरात कोणी म्हणत नाही. मला पहिल्यांदा भीती वाटली. पान बिघडलं तर दुरुस्त होतं, पण माझ्या हौसेपायी बहिणीच्या लग्नात मामाची जागा रिकामी राहिली तर ती कशानं भरणार? अण्णा म्हणतात तसे चुलते हात धरतीलही. पण शीतल रडतच येईल, हे मला आत्ताच दिसतं.

५ फेब्रुवारी

आज निकाल लागेल असं वाटलं होतं. उभा फोन, आडवा फोन, ऊन, सावली, सगळं झालं. मामाला तक्रारीला जागाच उरली नव्हती. तो ओट्यावर बसून विचार करत राहिला. मग म्हणाला, "माझं नाव सगळ्यांच्या फोनात सारखं दिसतंय म्हणतो ना तू?"

"सगळ्यांच्या."

"अक्काच्या फोनात कसं दिसतं?"

मी म्हणालो, आईचा फोन बटणांचा. त्यात ब्राउझरच नाही. त्यात कसलंच पान दिसत नाही.

"मंग तिनं माझं नाव पाह्यलंच न्हाई?"

"पाहिलं ना. माझ्या फोनवर."

"तुपल्या फोनात तुपलं पान बराबरच दिसंल की लेका." मामानं माझा मुद्दा माझ्यावरच उलटवला. "माझ्या फोनात माझं नाव अक्काला कसं दिसतं, ते पाह्यलं का कोणी?"

शास्त्राच्या दृष्टीनं मामाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. एका यंत्रावर एका माणसाला दिसलं म्हणून दुसऱ्या यंत्रावर दुसऱ्या माणसाला दिसेल असं गृहीत धरता येत नाही. हेच तर या सगळ्या प्रकरणातून मी शिकलो. म्हणालो, घेऊन येतो आईला, तिच्याकडूनच तपासून घेऊ.

"बघ बाबा," मामा म्हणाला. "तिला सवड असंल तर." एवढं बोलून तो आत गेला आणि मामीला ओट्याला पोतेरा द्यायला सांगितलं. ओटा स्वच्छच होता.

रात्री जेवताना आईला सांगितलं. तांत्रिक कारण सविस्तर समजावलं. मला वाटलं, लग्न तोंडावर आलंय, नाहीच म्हणेल. तिनं अर्ध्यातच मला थांबवलं. "पुरं झालं. कळलं मला. रविवारी जाऊ." अण्णांनी घास तोंडाशी तसाच धरला आणि आईकडे पाहत राहिले.

८ फेब्रुवारी

आजचं नीट लिहायला पाहिजे, कारण अंतिम चाचणीचा दिवस.

आई पहाटेच तयार होऊन बसली. हिरवी इरकल, जी लग्नासाठी ठेवलेली. पिशवीत नारळ, कुंकवाचा करंडा, हळदीच्या अक्षता, मामाला टोपी-टॉवेल, मामीला लुगडं. मी म्हणालो, आई, चाचणीला कुंकू लागत नाही. म्हणाली, "तू गाडी चालव."

परतूरपर्यंत बोलत होती. जांबच्या फाट्यावर माझा खांदा धरला तो सोडला नाही.

मामा ओट्यावरच होता, धुतलेल्या धोतरात. आई गाडीवरून उतरली, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाली. दोघंही जागचे हलेनात. मी मधे लॅपटॉपची पिशवी घेऊन उभा.

मामा म्हणाला, "ही पाहुणी कोण आली म्हणायची?"

"पाहुणी न्हाई," आई म्हणाली. "माहेरला आले. पाणी देतो का तसाच बघत बसतो?"

मग मामा रडायला लागला. एवढा मोठा माणूस, मिशा पिकलेला, ओट्याच्या पायरीवर उतरून लेकरासारखा रडत होता आणि आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "म्या आईला रडत व्हते रे," म्हणत होती. "तेव्हा मला तू दिसलाच न्हाईस. मंग लाज वाटली. दिवस गेले तशी वाढतच गेली." मामी पाणी घेऊन आली आणि तांब्या हातात धरून तीही रडायला लागली. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. आजीची आठवण, दुसरं काय.

आत नेऊन आईनं मामाला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, हातात नारळ दिला. म्हणाली, "शीतलचं लगीन हे. मामानं हात धरून मांडवात आणायचं."

"नावावर पट्टी मारल्यावर कसा येऊ?" मामा म्हणाला, पण आता हसत होता.

आई म्हणाली, "पट्टी या पोरानं न्हाई मारली तात्या. ती म्याच मारल्ती. तेराव्यालाच."

इथे मला राहवलं नाही. आईची माया मला माहीत आहे, लेकराची चूक ती कायम स्वतःच्या अंगावर घेते. पण कामात खरं ते खरं. मी म्हणालो, आई, तुझा यात काही संबंध नाही, चूक माझी होती, सोनं अक्षराच्या आकारात कापायची जी तिसरी गोष्ट असते, ती त्या ब्राउझरला कळली नाही. तिघंही माझ्याकडे पाहत राहिले. आणि मग असे हसले, असे हसले, की मामीला ठसका लागला. मामानं मला जवळ ओढून पाठीत धपका घातला. अजून दुखतेय. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही, पण मामा हो म्हणाला.

शीतलला लगेच फोन लावला. ती नुसती हुंदके देत राहिली. मग म्हणाली, "मेंदीवालीचा नंबर पाठव जल्दी."

एक गोष्ट मात्र राहून गेली. निघायची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं की मामाच्या फोनवर आईनं पान पाहिलंच नव्हतं. मी फोन शोधला तर तो फडताळात पार बंद पडलेला. बरं, म्हटलं, आई, चल, उशीर होतोय. तर आई बोरीखाली बाजेवर आडवी झालेली, मामी तिच्या गुडघ्याला तेल चोळतेय, मामा समोर बसून बोरं निवडून देतोय. "तू जा," आई म्हणाली. "म्या दोन रोज राहते. तात्यासंगच येईन."

दोन रोज! घरात लग्न, शंभर कामं, आणि नवरीची आई बोरीखाली. मी एकटाच परत आलो. अण्णांना सांगितलं. मला वाटलं होतं आता बोलणी बसतील. अण्णा म्हणाले, "राहू दे. आज पिठलं म्या करतो," आणि खरंच केलं. खारट झालं होतं, पण ते दोन वेळा घेऊन जेवले.

१३ फेब्रुवारी

काल लग्न लागलं. शीतल मामाचा हात धरून मांडवात आली. मामा तिच्यापेक्षा सावकाश चालत होता, जणू मांडव लवकर येऊ नये. आई अंतरपाटाकडे बघायचं सोडून त्या दोघांकडेच बघत होती. मी फोटो काढायला उभा होतो, पण डोळे भरून आल्यामुळे सगळे हलले. हे कामाचं नाही, तरी लिहून ठेवतो.

आज सकाळी मामा गावाकडे निघाला. मी म्हणालो, मामा, लग्न झालं, आता पान काढून टाकतो.

मामानं खिशातून फोन काढला, उभा धरला, आडवा धरला, डोळे बारीक केले. "काढू नको इतक्यात," म्हणाला. "त्या श्री.च्या बाजूला काहीतरी वाकडं दिसून राह्यलंय."

मी पाहिलं. मला काही वाकडं दिसलं नाही.

"इथं कळायचं न्हाई," मामा म्हणाला. "घरी येऊन निवांत बघ."

लग्न होऊन गेलेली पत्रिका आता कोण उघडून पाहणार आहे? पण काम अर्धवट सोडणं माझ्या तत्त्वात बसत नाही. म्हणालो, पुढच्या रविवारी येतो. आई दाराआडून म्हणाली, "म्याबी येते. एकट्याला न्हाई सापडायचं ते."